साबुदाण्याची खीर पळीवाढी राहत नाही, तासाभरात गोळा होतो. कुठे चुकतंय?

नारायणपेठी

साबुदाण्याची खीर जुन्या पद्धतीची हवी आहे. दाणा अख्खा, काचेसारखा, जिभेवर मऊ, आणि खीर पळीवाढी. चमच्याने कापावी लागेल अशी नको.

सध्याचं प्रमाण असं: १ वाटी साबुदाणा (खिचडीचाच, रात्रभर भिजवलेला), १ लिटर म्हशीचं दूध, पाऊण वाटी साखर. दूध उकळलं की साबुदाणा आणि साखर एकदमच घालायची आणि मध्यम आचेवर वीसेक मिनिटं ठेवायचं. गॅस बंद करताना खीर अगदी बरोबर दिसते, पण तासाभराने पातेल्यात पळी उभी राहते. त्यात काही दाण्यांच्या पोटात पांढरा ठिपका, तर काही दाणे विरघळून त्यांची खळ झालेली. एकाच पातेल्यात कच्चं आणि गळलेलं दोन्ही कसं काय होतं?

आणखी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गूळ घातला की दूध फुटतं, त्याला उपाय आहे का? आषाढी एकादशीला २५ माणसांसाठी करायची आहे, तर सगळं सरळ गुणायचं का? आणि जुन्या इंग्रजी पद्धतीचं भाजलेलं सॅगो पुडिंग आपल्या साबुदाण्याचं होतं का, की त्याला वेगळा सॅगो लागतो?

मोजूनमापून

नारायणपेठी, तुमच्या प्रमाणातच गोळा लिहून ठेवलाय. १५० मिलीची वाटी सपाट भरली तरी साबुदाणा १०० ग्रॅमच्या वर जातो. पळीवाढ्या खिरीला लिटरमागे ७५ ग्रॅम पुरतो. १०० ग्रॅम घातला की वाटीत चमचा रुतणारी खीर होते. तीही काहींना आवडते, पण तुम्हाला ती नकोय. साबुदाणा वाटीने मोजू नका, काट्यावर घ्या. बारीक दाण्याची वाटी आणि मोठ्या दाण्याची वाटी वजनाला सारखी भरत नाही.

प्रमाण: साबुदाणा ७५ ग्रॅम, म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध १ लिटर, शिजवायला पाणी ३०० मिली, साखर १०० ग्रॅम, ६-७ वेलदोडे, जायफळ दोन-तीन वेळा किसणीवर फिरवून, साजूक तूप अर्धा चमचा, मीठ अगदी चिमटीभर. एवढ्यात १४० मिलीच्या आठ वाट्या होतात.

आता तुमचं कोडं. रात्रभर भिजलेला दाणा बाहेरून इतका नरम होतो की ढवळताना पळीनेच फुटतो. त्यातलं स्टार्च सुटून दुधात मिसळतं आणि दूध खळीसारखं दाटतं. उरलेल्या दाण्यांना फुगायला मोकळं पाणी हवं असतं, ते या दाट दुधात मिळत नाही. त्यात तुम्ही साखर सुरुवातीलाच घालता. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे स्टार्च उशिरा आणि कमी फुगतं. म्हणून फुटलेले दाणे गळतात आणि न फुटलेले पोटात पांढरे राहतात. शिवाय भिजवताना ढिगाचे वरचे दाणे कोरडे आणि तळचे पाण्यात बसलेले असतात, तो फरकही खिरीत उतरतो.

खिरीचा साबुदाणा खिचडीसारखा भिजवायचाच नसतो. खिचडीत दाणा वाफेवर शिजतो, म्हणून सगळं पाणी आधीच पोटात जावं लागतं. खिरीत पाणी पातेल्यातच असतं. दोनदा हलक्या हाताने धुवा, म्हणजे वरचं सुटं पीठ निघून जाईल. चोळू नका. मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी, साधारण ७५-८० मिली, घालून पाऊण तास ठेवा. मध्ये एकदा ताटलीत खालीवर करा. बारीक दाण्याला अर्धा तास पुरे. दाणा दोन बोटांत दाबला की चुरडावा, पण मध्ये किंचित कणी लागली तरी चालेल.

शिजवायची सुरुवात पाण्यात करा, दुधात नाही. जुन्या पद्धतीची गोम हीच आहे. जाड बुडाच्या पातेल्यात ३०० मिली पाणी खळखळ उकळू द्या, तूप घाला (फेस कमी येतो) आणि साबुदाणा मुठीमुठीने सोडा. पहिली दोन मिनिटं हात थांबवू नका. टॅपिओकाचं (ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याचं) स्टार्च ६०-७० अंशांच्या आसपास फुगायला लागतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात दाण्याचा बाहेरचा थर लगेच चिकट होतो. तेवढ्यात दाणे तळाशी बसले तर एकमेकांना आणि पातेल्याला धरतात. दोन मिनिटांनी आच कमी करा आणि सहा ते आठ मिनिटं शिजू द्या. दाणा कडेने पारदर्शक झाला आणि मध्ये मोहरीएवढा पांढरा ठिपका उरला की दुधाची वेळ झाली.

दूध तोपर्यंत शेजारच्या शेगडीवर दहा मिनिटं मंद उकळत असायला हवं. गार दूध ओतलं की सगळ्याचं तापमान उतरतं, मग पुन्हा उकळी येईपर्यंत दाणे तळाला बसून करपतात. गरम दूध ओतून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ठेवा, दर मिनिटाला एकदा तळ खरवडून ढवळा. लाकडी उलथनं बरं पडतं, पळीची धार दाणे कापते. ठिपका जवळजवळ दिसेनासा झाला की साखर घाला.

साखर पडली की खीर एकदम पातळ होते. इथे बरेच जण घाबरून अजून आटवतात आणि तासाभराने गोळा खातात. साखरेनंतर चार-पाच मिनिटं पुरेत. चमचाभर खीर ताटलीत घालून पंख्याखाली दोन मिनिटं ठेवा आणि ताटली वाकडी करा. खीर सावकाश ओघळली तर गॅस बंद. जागची हलली नाही तर पाव वाटी गरम दूध. गॅस बंद करताना खीर नेहमी हवी त्यापेक्षा पातळ दिसली पाहिजे, थेट कढीसारखी. वेलची-जायफळ शेवटी, आणि दहा मिनिटं झाकण. उरलेला ठिपका त्या वाफेत जातो.

केशर घालायचं तर १५-२० काड्या दोन चमचे कोमट दुधात पंधरा मिनिटं आधी भिजवा. केशर आणि जायफळ दोन्ही घालू नये हे माझं मत, एकाने दुसऱ्याचा वास मारला जातो.

चटपट

एवढं सगळं करण्यापेक्षा शेवटी एक चमचा कस्टर्ड पावडर दुधात कालवून घाला. दाटपणा हमखास. आणि साबुदाणा कुकरला दोन शिट्ट्या.

मोजूनमापून

चटपट, तक्रार खीर घट्ट होते अशी आहे, पातळ होते अशी नाही. शिवाय कस्टर्ड पावडर म्हणजे मक्याचं स्टार्च, रंग आणि व्हॅनिलाचा वास. एकादशीच्या पानात मका चालणार नाही. कुकरात साबुदाणा फेसाळतो, फेस शिट्टीत अडकतो, आणि आत ढवळता येत नसल्याने तळाशी पापडी धरते. साबुदाण्यापुरता कुकर फळीवरच राहू द्या.

अंगरस

गुळाचं मी सांगते. गूळ थोडा आम्ल असतो आणि त्यात क्षारही असतात. थंड दुधाला ते सोसतं, उकळत्या दुधातलं केसिन (दुधाचं मुख्य प्रथिन) मात्र तेवढ्यानेही गोळा होतं. म्हणून वरच्या कृतीत साखरेच्या जागी गूळ टाकून चालत नाही, क्रमच बदलावा लागतो.

१ लिटर दुधाला १३० ग्रॅम गूळ घ्या. गूळ अर्धी वाटी पाण्यात विरघळवून एक उकळी आणा, बारीक गाळणीतून गाळा (चिपाडाचा भुगा आणि वाळू निघते) आणि पूर्ण गार करा. खीर साखरेशिवाय वरीलप्रमाणे शिजवा, गॅस बंद करा आणि पातेल्याला हात लावून धरता येईल इतकी कोमट होऊ द्या. मग गुळाचं पाणी बारीक धारेने, ढवळत. त्यानंतर ती खीर पुन्हा उकळायची नाही. गरम हवी असेल तर गरम पाण्याच्या परातीत पातेलं ठेवा. पाकाबरोबर पाणीही जातं, म्हणून दूध आधी थोडं जास्त आटवून घ्या.

प्रत्येक गूळ सारखा वागत नाही. वाटीत दोन चमचे कडकडीत दूध घेऊन त्यात हरभऱ्याएवढा गूळ विरघळवून बघा. कडेला कण दिसले तर तो गूळ दुधासाठी नाही. काळपट, खारट चवीचा गूळ हमखास फोडतो. चिकीचा गूळ तर घेऊच नका, तो वेगळ्या कामाचा.

पण खरं सांगायचं तर गुळाची खीर गाईम्हशीच्या दुधाची नव्हेच, ती नारळाच्या दुधाची. कोकणातल्या घरांत ती तशीच होते, आणि नारळाचं दूध गुळाने फुटत नाही. एक मोठा नारळ खवा, एक वाटी कोमट पाण्यात वाटून पिळून काढा. हे पहिलं दाट दूध, म्हणजे अंगरस, बाजूला ठेवा. त्याच चोथ्यात अडीच-तीन वाट्या पाणी घालून दुसरं, पातळ दूध काढा. ५० ग्रॅम साबुदाणा, अर्धा तास भिजवलेला, एक वाटी उकळत्या पाण्यात कडा पारदर्शक होईतो शिजवा. मग पातळ दूध घालून दाणा पूर्ण शिजवा. त्यानंतर १००-१२० ग्रॅम किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ. अंगरस अगदी शेवटी, गॅस बंद करून. अंगरस उकळला की त्यातलं तेल सुटतं, वर थेंब तरंगतात आणि खाली फुटका चोथा दिसतो. यातून पाच जणांना होते. जायफळ नको, वेलची पुरे.

पितळेचं पातेलं वापरणार असाल तर आतली कल्हई नीट बघा. तांबूस-पिवळी झाक दिसत असेल तर आधी कल्हई करून घ्यायला पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीची वाट धरा. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचं पातेलं रिकामं गॅसवर तापत ठेवायचं नाही, आधी पाणी घालायचं आणि मग गॅस पेटवायचा.

भुसारवाला

साबुदाणा कोणता, हे कुणी विचारलंच नाही. पुण्यात येणारा बहुतेक माल तमिळनाडूच्या सेलम पट्ट्यातला. तिथल्या साबुदाण्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तो ताडाचा नाही, टॅपिओकाच्या म्हणजे कसाव्याच्या कंदाचा. कंद सोलून, किसून, धुऊन स्टार्च खाली बसवतात आणि ते ओलसर असताना हलवून हलवून त्याचे गोळे करतात. इथून पुढे दोन वाटा फुटतात. साधा साबुदाणा तापल्या पत्र्यावर भाजतात, मग वाळवतात. नायलॉन साबुदाणा वाफवून वाळवतात. भाजलेल्याचा बाहेरचा थर शिजतो आणि पोट कच्चं राहतं, म्हणून तो पांढरा, अपारदर्शक दिसतो आणि पाणी चटकन पितो. वाफवलेला आरपार शिजून वाळलेला असतो, म्हणून काचेसारखा दिसतो.

खिरीला साधा, बारीक किंवा मध्यम दाणा घ्या. नायलॉनचा दाणा खिरीत अख्खा राहतो खरा, पण त्याच्यातून स्टार्च फार सुटत नाही, त्यामुळे खिरीला अंगची दाटी येत नाही. दूध वेगळं आणि दाणे वेगळे असा प्रकार होतो. नायलॉन तळून चिवड्यात घालायचा. दुकानात नुसतं "साबुदाणा द्या" म्हटलं की बहुधा खिचडीचा मोठा दाणा हातात पडतो. खिरीसाठी बारीक आहे का ते विचारा.

घेताना पिशवी उजेडात धरून हलवा. तळाशी पीठ साठलेलं असेल तर दाणे फुटके आहेत. ते पीठ खिरीत पहिल्या मिनिटालाच विरघळतं आणि मग कितीही मोजून केलं तरी दाटपणा हातात राहत नाही. घरी आणल्यावर मोठ्या भोकांच्या चाळणीतून एकदा चाळून घ्या. दाणे एकाच मापाचे आहेत का तेही बघा. बारीक-मोठा मिसळलेला असेल तर नारायणपेठींचं कोडं, अर्धं कच्चं आणि अर्धं गळलेलं, तिथेच सुटतं. जुना माल हरकत नाही, फक्त भिजायला जास्त वेळ घेतो. आंबूस किंवा कोंदट वास आला तर मात्र घेऊ नका, धुऊन तो जात नाही.

नारायणपेठी

सर्वांचे आभार. चाळून बघितलं, साबुदाणा खरंच दोन मापांचा निघाला!

दोन शंका. एका ठिकाणी असं वाचलं की साबुदाणा भरपूर पाण्यात शेवयांसारखा उकळायचा, चाळणीत ओतून गार पाण्याखाली धुवायचा आणि मग दुधात घालायचा, म्हणजे गोळा होतच नाही. हे बरोबर का? आणि २५ माणसांचं राहिलं.

मोजूनमापून

धुतलात तर गोळा होणार नाही हे खरं, पण खीरही होणार नाही. खिरीचा दाटपणा म्हणजे दाण्यातून सुटलेलं थोडं स्टार्च. तेच मोरीत ओतलं तर उरतं गोड दूध आणि त्यात मोती. ती पद्धत थंड पदार्थांची: आमरसातला साबुदाणा, नारळाच्या दुधातला थंड साबुदाणा, फळं घातलेलं काही. तिथे दाणे सुटे हवेत, म्हणून पाण्याने धुतात. १०० ग्रॅमला निदान दीड लिटर उकळतं पाणी, बारा-पंधरा मिनिटं, मग झाकून दहा मिनिटं, मग चाळणीत. आमरसात घालणार असाल तर दूध आणि रस दोन्ही फ्रिजमधून काढलेले असू द्या. गरम दुधात आंब्याचा आंबटपणा पडला की फुटलंच.

२५ माणसांना: दूध ३ लिटर, साबुदाणा २२५ ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम, पाणी मात्र ९०० नाही, ७५० मिली. मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी जाते, म्हणून पाणी तिप्पट केलं तर खीर आटवत बसावं लागतं आणि तेवढ्यात दाणे गळतात. वेलची तिप्पट नको, अडीचपट पुरे. पातेलं ६-७ लिटरचं, रुंद तोंडाचं. उंच डब्यासारखं घेतलंत तर तळ ढवळला जात नाही. साबुदाणा दोन परातींत पसरून भिजवा, एका डब्यात ढीग करू नका. उकळत्या पाण्यात तीन वेळा करून सोडा आणि प्रत्येक वेळी पुन्हा उकळी येऊ द्या. सगळा एकदम पडला तर पाणी निवतं आणि मोठी ढेप होते.

वेळेचं गणित पानं मांडण्यावरून लावा. खीर वाढायच्या आधी पाऊण तास तयार हवी, त्याहून लवकर नको. उशीर होणार असेल तर पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवा, झाकणाखाली पंचा ताणून लावा म्हणजे वाफेचं पाणी खिरीत ठिबकणार नाही, आणि अर्धा लिटर गरम दूध शेजारी तयार ठेवा. वाढायच्या आधी तेच घालून सारखी करायची. त्या दुधात चार चमचे साखर आधीच विरघळवा, नाहीतर दुसऱ्या पंगतीला खीर फिकी लागते. उपवासाच्या ताटात खिरीबरोबर वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी असं सगळं असेल तर माणशी एक वाटी पुरते. नुसत्या खिरीवर भागवायचं असेल तर चार लिटरचं धरा.

बुधवारची_भट्टी

पुडिंगचं. इंग्रजी पाककृतींतला मूळचा सॅगो ताडवर्गातल्या झाडाच्या खोडातला. मेट्रोझायलॉन सॅगू हे त्याचं नाव, इंडोनेशियाची पूर्वेकडची बेटं आणि न्यू गिनी इथला. 'सॅगो' हा शब्दही मलायी 'सागू'वरून आला. आपला साबुदाणा कसाव्याचा असला तरी या पुडिंगला काहीही अडत नाही. फक्त त्या कृती बारीक दाण्यासाठी लिहिलेल्या असतात आणि त्यात साबुदाणा कोरडाच दुधात घालतात. आपल्या मध्यम दाण्याला अर्धा तास भिजवणं हवंच, नाहीतर पुडिंग भाजून होतं आणि दाणा कडकडीत राहतो. हे उपवासाचं नाही, अंडं आहे.

दूध ६०० मिली, साबुदाणा ५० ग्रॅम, साखर ४५ ग्रॅम, लोणी २० ग्रॅम, अंडी २, लिंबाची पिवळी साल अर्ध्या लिंबाची (पांढरा भाग नको, कडू होतो), जायफळ. दुधात साल घालून तापवा, पाच मिनिटं झाकून ठेवा, साल काढा. साबुदाणा घालून मंद आचेवर पंधरा-अठरा मिनिटं, पारदर्शक होईतो. लोणी घाला आणि दहा मिनिटं निवू द्या. हे निवणं टाळू नका, गरम मिश्रणात अंडं ओतलं की भुर्जी होते. पिवळं आणि साखर फेटून त्यात आधी दोन डाव मिश्रण, मग ते सगळं परत पातेल्यात. पांढरं मऊ शिखरं येईपर्यंत फेटून हलक्या हाताने मिसळा. लोणी लावलेल्या सव्वा-दीड लिटरच्या काचेच्या भांड्यात ओता, वर जायफळ किसा.

ओटीजी (घरगुती विजेची भट्टी) १६० अंशांवर आधी तापवून घ्या. भांडं खोलगट ट्रेमध्ये ठेवून ट्रेमध्ये अर्ध्या उंचीपर्यंत गरम पाणी भरा. ३५-४० मिनिटं. कडा धरलेल्या आणि मध्य किंचित थरथरणारा असला की काढा, बाहेर आल्यावर तो धरतो. पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवलंत तर अंडं आकसून पाणी सोडतं आणि चमचा घातला की तळाशी पाणी दिसतं. ओटीजीचा काटा आणि आतलं तापमान यांत बऱ्याचदा दहा-वीस अंशांचा फरक असतो, आतलं थर्मामीटर स्वस्तात मिळतं.

अंड्याशिवाय हवं असेल तर साबुदाणा ६० ग्रॅम करा, आणि १५० अंशांवर एक तास. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा ढवळायचं, नंतर हात लावायचा नाही. वर तपकिरी साय धरते. पुडिंग खायचं ते त्या सायीसाठी, बाकी आपल्याकडे खीर आहेच की.

अंगरस

बुधवारची_भट्टी, लिंबाच्या सालीने दूध फुटत नाही का, असा प्रश्न पुढे येणारच, म्हणून आधीच लिहिते. सालीत सुगंधी तेल असतं, आंबटपणा रसात असतो. साल काढताना लिंबू पिळलं जाऊ देऊ नका, एवढंच.

पाणीपुसणे

उरलेल्या खिरीबद्दल कुणी लिहिलं नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवायची. गार झाल्यावर दाणे पुन्हा पांढरट आणि टणक होतात, ती खराब झाली असं समजून टाकू नका. स्टार्च गारठ्यात आवळतं, तापवलं की परत सैलावतं. दर वाटीला दोन-तीन चमचे दूध घालून मंद आचेवर, झाकून, ढवळत तापवा. मायक्रोवेव्हमध्ये कडा उकळतात आणि मध्य गार राहतो, तेव्हा अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने थांबून ढवळा. फ्रीझरमध्ये ठेवू नका, दाण्यांचा स्पंज होतो. गुळाची दुधातली खीर पुन्हा गॅसवर तापवायचीच नाही, ती गारच खा, नाहीतर अंगरस यांनी सांगितल्याप्रमाणे गरम पाण्याच्या परातीत ठेवा.

आणि गोळा झालेलाच असेल तर त्यात गार दूध ओतून पळीने फोडत बसू नका. पाऊण वाटी कडकडीत दूध वरून सोडा, झाकण ठेवा, पाच मिनिटं हात लावू नका. मग काट्याने सोडवा. दाणे बरेचसे शाबूत निघतात.

नारायणपेठी

वरच्या ७५ ग्रॅमच्या प्रमाणाने काल करून बघितली, बारीक साबुदाणा, अर्धा तास भिजवून. दोन तासांनीही पळीतून ओघळत होती. शेवटचं एकच: बेदाणे कधी घालायचे? घातले त्या कडेला दुधाचे कण दिसले.

मोजूनमापून

बेदाणे आंबट असतील तर उकळत्या दुधात तेच होणार. धुऊन, पुसून, तुपात फुगेपर्यंत परता आणि वाढताना वाटीत वरून घाला. चारोळीही तशीच, पण ती आधी एखादा दाणा चावून बघा, खवट असेल तर तीन लिटर खीर नासवते.